मुहम्मदशाह बहमनी, दुसरा

मुहम्मदशाह बहमनी, दुसरा (कारकीर्द १३७८–१३९७) : गुलबर्ग्याच्या बहमनी घराण्याचा पाचवा सुलतान आणि घराण्याचा संस्थापक अलाउद्दीन हसन बहमनशाहाचा नातू. इतिहासकार फिरिश्ताने त्याला ‘महमूद’ म्हटले असले तरी नाण्यांवर मुहम्मद हेच नाव आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले दख्खन म्हटले की कृष्णा-तुंगभद्रेमधल्या रायचूर दुआबासाठी बहमनी आणि विजयनगर यांच्यात झालेल्या लढायाच सांगितल्या जातात. त्या मालिकेत हा सुलतान झाकला गेला. वास्तविक त्याची १९ वर्षे बहमनी इतिहासातील सर्वांत शांत वर्षांपैकी आहेत आणि त्यांची दखल युद्धांइतकीच घ्यायला हवी.

तो गादीवर आला तो मात्र रक्तपातातूनच. १३७८ मध्ये विजयनगरच्या मोहिमेवरून परतणाऱ्या तेव्हाच्या सुलतानाचा, मुजाहिदशाहाचा, त्याचा चुलता दाऊद याने खून करवला. महिनाभरातच दाऊदही गुलबर्ग्याच्या मशिदीत नमाज पढत असताना मारला गेला. या सूडामागे मुजाहिदची बहीण रूह परवर आगा होती. दाऊदचा मुलगा संजर याचे डोळे काढवून तिने त्याचा हक्क संपवला आणि मुहम्मदला तख्तावर बसवले. त्या काळी दख्खनचा राजा कोणी व्हावे हे एका स्त्रीने ठरवले, ही गोष्ट एरवी ओझरती सांगितली जाते. पुढची १९ वर्षे तिच्याच निवडीतून आली.

नव्या सुलतानाने विजयनगरच्या दुसऱ्या हरिहराशी मोठे युद्ध उकरून काढले नाही. याच सुमारास विजयनगरच्या माधवमंत्र्याने गोवा घेतला. कोकणपट्टीवरील बहमनी सत्तेला हा मोठा धक्का होता. राज्यातले एकमेव गंभीर बंड सगर या ठाण्याचे. तेही मोडून काढण्यात आले.

मुहम्मदशाहाला अरबी-फारसीची उत्तम जाण होती आणि तो स्वतः कविता करी. लोक त्याला दख्खनचा ‘अरस्तू’ (ॲरिस्टॉटल) म्हणत, असे फिरिश्ता सांगतो. शिराझहून आलेला मीर फझलुल्ला इंजू हा विद्वान तफ्ताझानीचा शिष्य त्याच्या दरबारी होता. त्याच्याच मार्फत इराणचा महाकवी हाफिज याला गुलबर्ग्याचे निमंत्रण गेले, सोबत वाटखर्चही. त्यातला बराच पैसा हाफिजने आप्तांना देण्यात आणि कर्ज फेडण्यात संपवला, उरलेला वाटेत लुटल्या गेलेल्या एका मित्राला दिला. शेवटी दोन व्यापाऱ्यांच्या मदतीने तो होर्मुझ बंदरात पोचला. तेथे दख्खनचे जहाज उभे होते. पण वादळ सुटताच तो जहाजावरून उतरला आणि एक गझल पाठवून शिराझला परतला. सुलतान रुसला नाही. त्याने हाफिजसाठी हजार सोन्याचे टंके (नाणी) खर्चून हिंदुस्थानातील वस्तू भेट म्हणून रवाना केल्या. ही सारी हकिकत फिरिश्ताची, म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे. तपशील तेवढ्याच भरवशाने घ्यावेत.

कारकिर्दीची खरी कसोटी दुष्काळाने घेतली. पावसाने दगा दिला तेव्हा दरबारासाठी राखलेले बैल गुजरात आणि माळव्याकडे सतत फेऱ्या मारू लागले. तेथून आणलेले धान्य दख्खनमध्ये स्वस्तात विकले गेले. अनाथ मुलांसाठी गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर (आजचे अचलपूर), दौलताबाद, जुन्नर, चौल आणि दाभोळ येथे शाळा निघाल्या; त्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून होई. यांतील पहिली दोन सोडता बाकी सर्व ठिकाणे आजच्या महाराष्ट्रात आहेत. हदीसचे (पैगंबरांच्या वचनांचे) जाणकार आणि आंधळे यांनाही तनखे बांधून दिले होते. मात्र स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना मिळे, असे वुल्झली हेग या इतिहासकाराने नोंदवले आहे. तसे असेल तर बहुसंख्य कुणबी-रयतेला या मदतीतून वगळले गेले, आणि सुलतानाच्या दयाळूपणाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही. मराठी मुलखात ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणून जो परंपरेने आठवला जातो, त्याचा आरंभ १३९६ च्या सुमारास, याच राजवटीच्या अखेरीस मानतात.

मुहम्मदशाह साधे पांढरे कपडे घाली. राजा हा प्रजेच्या पैशाचा विश्वस्त असतो, गरजेपेक्षा जास्त खर्च करणे म्हणजे त्या विश्वासाला तडा देणे, असे तो म्हणे. १३९७ मध्ये तापाने त्याचा मृत्यू झाला. पाच सुलतानांचा कारभार पाहिलेला वृद्ध वजीर सैफुद्दीन घोरी त्याच सुमारास वारला आणि दरबारावरचा धाक गेला. मुलगा गियासुद्दीन याला तुर्की गुलाम तघलचीन याने काही आठवड्यांतच आंधळे करून पदच्युत केले, आणि त्याचा भाऊ शम्सुद्दीन नाममात्र सुलतान झाला. त्या गोंधळातून वर आला तो मुहम्मदशाहानेच लहानपणापासून वाढवलेला, फझलुल्ला इंजूच्या हाताखाली शिकलेला आणि सुलतानाचा जावई असलेला फिरोज. नोव्हेंबर १३९७ मध्ये तो तख्तावर बसला.