पार्श्वभूमी : सांगलीचं एक पोर्टल कसं चढलं, कसं उतरलं

सांगलीतलं एक जुनं बातमी पोर्टल बंद पडलं. कुणी कुलूप ठोकलं नाही की छापा पडला नाही; डोमेनचे पैसे भरायचे राहिले, एवढंच. पण त्यानंतर पत्रकारांच्या चहाच्या कट्ट्यावर जे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू आलं ते असं : "तसंही ते नोंदणीकृत नव्हतंच." हे वाक्य नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीचा काळ लवकर उरकतो. तालुक्याचा वार्ताहर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टात, टाईप केलेला मजकूर मेल करायचा. तो साइटवर चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी व्हायची. कन्व्हर्टरमधून काढला तरी रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसायचा, 'निर्णय'चं 'निणर्य' व्हायचं. एक माणूस दिवसभर रफारच पकडत बसलेला असे. वाचक म्हणाल तर पुण्या-मुंबईत, नाहीतर परदेशात गेलेली सांगलीची पोरं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वाचक पहिल्यांदा खुद्द गावात आला. तरी पोर्टलला नाव मिळालं ते पुराने.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ही सांगलीची जुनी भाषा आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं, हा हिशेब ज्या त्या घराचा वेगळा. २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये अनेकांनी तोच आकडा धरून सामान माळ्यावर चढवलं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरकडे शिरोलीजवळ बंद, निम्म्या गावात वीज नाही, छापील अंक वाटणार कुठे? त्या दिवसांत पोर्टलने दर तासाला एकच ओळ टाकली : वेळ, फूट, इंच, कोयना धरणाचा विसर्ग. फोटो नाही, मथळा नाही. काम दोघांचं. एक जण पुलाकडच्या माणसाला फोन लावायचा, दुसरा मिरजेत पाहुण्यांच्या गच्चीवर रेंज धरून ओळ चढवायचा. गच्चीवरच्याने मोबाईल चार्ज करायला एका ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडली होती. ती वायर मी पाहिली आहे.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. पहिल्या काही तासांत फोनवर वेगवेगळे आकडे फिरत होते. पोर्टलवर आकडा नव्हताच, फक्त 'बोट उलटली, शोध सुरू'. त्यावरून शिव्याही खाल्ल्या : तुम्हाला काहीच कसं माहीत नाही? माझ्या मते त्यांची सगळ्यात चांगली बातमी तीच.

पूर ओसरला तसं पोर्टलांचं पीक आलं. ज्याच्याकडे मोबाईल आणि बूम (नाव छापलेला माईक) तो संपादक. जुन्या पोर्टलचे व्हॉट्सॲप ग्रुप एका वर्षात डझनावर गेले, कारण एका ग्रुपात तेव्हा २५६ माणसंच मावत आणि एक मेसेज एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येई. लिंक टाकायलाच एक पोरगा ठेवला होता. पैसा मात्र लिंकमधून आला नाही. तो आला वाढदिवसाच्या शुभेच्छांतून, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडून आणि निवडणुकीत जे येतं त्यातून. सगळ्यात नियमित उत्पन्न निधनवार्तांचं होतं, 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी' या ओळीसकट.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला एकाच कुटुंबातून कोरोना रुग्णांची साखळी सुरू झाली आणि राज्याच्या नजरा जिल्ह्याकडे वळल्या. एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. ती काही दिवसांतच बऱ्याच ठिकाणी शिथिल झाली, पण ज्यांचा पेपर सुटला त्यांतल्या अनेकांचा सुटलाच. पोर्टलचा हा चढता काळ. त्याच काळात एक निर्णय झाला, आणि त्यावर अजून एकमत नाही.

पत्रकार परिषदेच्या दारात विचारलं जायचं, "आरएनआय आहे का?" म्हणजे वृत्तपत्रांच्या केंद्रीय निबंधकाकडचा नोंदणी नंबर. तो छापील नियतकालिकाचा. १८६७ च्या छापखाने-वृत्तपत्र नोंदणी कायद्यात वेबसाइट असायचं कारणच नव्हतं. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही नोंदणी नियतकालिकांचीच आहे; आधीच्या मसुद्यात डिजिटल माध्यमांचा उल्लेख होता, तो गळला. म्हणजे पोर्टलकडे तो नंबर असूच शकत नाही. तरी विचारणारा विचारायचा, कारण उत्तर नसणारा माणूस बाहेर ठेवायला सोपा जातो.

त्यावर तोड म्हणून अनेकांनी 'उद्यम' हे केंद्राचं लघुउद्योग नोंदणी प्रमाणपत्र काढलं. जुलै २०२० पासून हे प्रमाणपत्र आधार नंबरावर, फुकट, बसल्या जागी मिळतं. ते छोट्या धंद्याचं आहे. पिठाच्या गिरणीलाही तेच मिळतं. पण ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलं आणि ओळखपत्रावर 'भारत सरकार मान्यताप्राप्त' छापलं की काम भागायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राचे माहिती तंत्रज्ञान नियम आले. त्यात डिजिटल प्रकाशकाने मंत्रालयाला आपली माहिती कळवायची आणि तक्रार अधिकारी नेमून १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची होती. ही माहिती कळवणं आहे, परवाना नव्हे. आचारसंहिता पाळायलाच लावणाऱ्या भागाला त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. इथे मात्र फॉर्म भरल्याची पोच दाखवून 'आम्ही केंद्राकडे नोंदणीकृत' म्हणणारेही निघाले. 'अधिस्वीकृती', म्हणजे पत्रकाराला सरकारी मान्यता, हा पुन्हा वेगळाच प्रकार, तो माणसाला मिळतो. चार वेगळे कागद, आणि बोलताना सगळ्यांना शब्द एकच : नोंदणीकृत.

जुन्या पोर्टलने उद्यमचा मार्ग नाकारला. त्यांनी त्याच नावाचं साप्ताहिक काढलं, म्हणजे नंबर खरा मिळेल. शीर्षक मंजूर करून घेणं, दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र, आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सहा आठवड्यांत पहिला अंक. कागद, छपाई, टपाल यांत पैसा गेला. गच्चीवरून फूट-इंच चढवणारा माणूस आता पानं लावू लागला. बाजू घेणारे म्हणतात, त्यामुळे 'बोगस' हा शिक्का टळला. विरोधातले म्हणतात, पोर्टल तिथेच मेलं. वाचकाने कधी नंबर विचारलाच नव्हता, त्यामुळे माझा कल दुसऱ्यांकडे आहे.

जुलै २०२१ ला पाणी पुन्हा ५५ फुटांजवळ गेलं. या वेळी पातळीचा सरकारी तक्ताच थेट ग्रुपवर पडत होता. पोर्टलची लिंक उघडायची गरज उरली नाही. इतर पोर्टलं तोच तक्ता आपला शिक्का मारून टाकत होती. २०२२ मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा १,०२४ माणसांवर गेली, पुढच्या वर्षी व्हॉट्सॲप चॅनल आले. निधनवार्ताही फोटोसकट तिथेच येऊ लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राचं डिजिटल जाहिरात धोरण आलं. त्यात दर ठरतो वाचकसंख्येवर, आणि वाचक तोवर पांगले होते.

आता पत्ता टाकला की डोमेन विक्रीला असल्याची पाटी येते. ऑगस्ट २०१९ च्या तासातासाच्या नोंदी त्याच्यासोबत गेल्या. माझ्याकडे दोन स्क्रीनशॉट आहेत, त्यातला एक धूसर. साप्ताहिकाचा नंबर अजून चालू आहे. अंक अधूनमधून निघतो, चार पानी, आणि त्यात बहुतेक जाहीर नोटिसा असतात.