सिटका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान

सिटका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान : अमेरिकेतील अलास्का राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावर, बारानोव्ह बेटावरील सिटका शहराला लागून असलेले संरक्षित किनारी अरण्य. क्षेत्रफळ सुमारे 45 हेक्टर, म्हणजे एखाद्या लहान गावाच्या शिवारापेक्षाही कमी. स्थानिक लोक त्याला ‘टोटेम पार्क’, म्हणजे कुलचिन्हे कोरलेल्या स्तंभांचे उद्यान, म्हणतात. नाव सोयीचे असले तरी थोडे फसवे आहे. झाडांमधल्या पायवाटेवर उभे असलेले कोरीव लाकडी स्तंभ बहुतांशी बाहेरून आणलेल्या स्तंभांच्या प्रतिकृती आहेत. ट्लिंगिट लोकांच्या दृष्टीने इथला खरा वारसा स्तंभांखालची जमीन आणि तिच्याजवळून समुद्राला मिळणारी नदी हा आहे.

ट्लिंगिट हे आग्नेय अलास्काचे मूळ रहिवासी. त्यांचा समाज डोमकावळा आणि गरुड अशा दोन अर्धकांत, म्हणजे कुळांच्या दोन मोठ्या गटांत, विभागलेला असून विवाह दुसऱ्या अर्धकातच होतो. वंश आईकडून चालतो. मुलगा आईच्या कुळाचा, त्यामुळे त्याला शिकवून तयार करण्याची जबाबदारी पूर्वी बापापेक्षा मामाची असे. सिटकाच्या कीक्सादी कुळाचे अर्धक डोमकावळ्याचे व कुलचिन्ह बेडकाचे आहे. ‘टोटेम’ला मराठीत अनेकदा ‘देवक’ म्हटले जाते. साम्य आहे, पण ते ताणू नये. देवकाची लग्नकार्यात पूजा होते. ट्लिंगिटांचे कुलचिन्ह ही पूजेची वस्तू नसून कुळाची मालमत्ता असते. ते कोरण्याचा, त्याची कथा सांगण्याचा हक्क त्या कुळापुरताच असतो. स्तंभ म्हणजे मूर्ती, असा गैरसमज ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही करून घेतला होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्री पाणमांजरांच्या मौल्यवान कातड्यांसाठी रशियन व्यापारी या किनाऱ्यावर आले. त्यांनी उभारलेली गढी ट्लिंगिटांनी 1802 मध्ये उद्ध्वस्त केली. 1804 च्या शरद ऋतूत रशियन व्यापाऱ्यांचा प्रमुख अलेक्सांद्र बारानोव्ह सूड घ्यायला परतला. सोबत कातडी होड्यांतले शेकडो अलूत व इतर मूलवासी शिकारी होते. पृथ्वीप्रदक्षिणेवर निघालेले ‘नेवा’ हे जहाज आणि त्याचा कप्तान यूरी लिस्यान्स्की हेही त्यांना येऊन मिळाले. कीक्सादींनी नदीच्या मुखाशी स्प्रूसच्या कोवळ्या खोडांचा कोट बांधला होता. त्याचे नाव ‘शीसगी नूव’, म्हणजे कोवळ्या झाडांचा किल्ला. जागेची निवड पक्की विचार करून केलेली होती. मुखाशी पाणी उथळ, ओहोटीला चिखलाचे लांब पट्टे उघडे पडणारे. त्यामुळे जहाजाला जवळ येता येईना आणि तोफगोळ्यांचा जोर कमी पडे. पहिल्या हल्ल्यात काल्यान हा कीक्सादी योद्धा डोमकावळ्याच्या आकाराचे शिरस्त्राण घालून, हातात लोहाराचा हातोडा घेऊन रशियनांवर तुटून पडला. बारानोव्ह जखमी झाला व हल्ला मोडला. ते शिरस्त्राण आजही सिटकातल्या शेल्डन जॅक्सन संग्रहालयात आहे.

निकाल मात्र दारूगोळ्याने लावला. कोटासाठी बंदुकीची दारू आणणारी होडी स्फोटात नष्ट झाली आणि लढाई लांबवणे अशक्य झाले. कीक्सादी रात्री कोट सोडून बायकामुलांसह डोंगर ओलांडून बेटाच्या उत्तरेकडे निघून गेले. रशियन इतिहासात ही माघार ठरली. कुळाच्या मौखिक परंपरेत तिला ‘तगून राहण्याची वाटचाल’ म्हणतात. शब्दांतला हा फरक क्षुल्लक नाही : शरणागती कधीच पत्करली गेली नाही, हे कुळाचे म्हणणे त्यातूनच स्पष्ट होते. रशियनांनी रिकामा कोट जाळला व जवळच नोवो-आर्खांगेल्स्क, म्हणजे आजचे सिटका, वसवले. ते पुढे रशियन अमेरिकेची राजधानी झाले. 1867 मध्ये 72 लाख डॉलरला अलास्का अमेरिकेला विकला गेला, तो हस्तांतराचा सोहळाही इथेच झाला. ट्लिंगिटांशी कोणी सौदा केला नव्हता. कोटाची नेमकी जागा बराच काळ अनिश्चित होती. भूभेदी रडारने व विद्युतचुंबकीय मापनांनी घेतलेल्या शोधाचा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ती निश्चित झाली.

स्तंभांची कहाणी वेगळी. अलास्काचे गव्हर्नर जॉन ब्रेडी यांनी प्रिन्स ऑफ वेल्स बेट व आसपासच्या ट्लिंगिट आणि त्यांचे शेजारी असलेल्या हाइडा लोकांच्या गावांतून स्तंभ मिळवले, 1904 च्या सेंट लुइस प्रदर्शनात मांडले आणि नंतर सिटकात उभारले. सिटकाच्या दक्षिणेला लाल सीडरची झाडे मोठी होतात व उंच स्तंभांची परंपराही तिथलीच अधिक. म्हणजे कीक्सादींच्या रणभूमीवर हाइडांच्या कथा उभ्या राहिल्या. पाहुण्यांना हे माहीत नसते, आणि माहिती-फलक न वाचल्यास कळणारही नाही. परंपरेत जुना स्तंभ पडला की त्याला कुजू देतात. इथे मात्र 1930 च्या दशकात सरकारी रोजगार योजनेखाली ट्लिंगिट कारागिरांकडून प्रतिकृती करवून घेतल्या. काही मूळ स्तंभ आता अभ्यागत केंद्राच्या उंच दालनात पावसापासून जपलेले आहेत. कोटाजवळ 1999 मध्ये उभारलेला काल्यान स्तंभ मात्र कीक्सादींचाच आहे. वेळ कमी असल्यास बाकीचे सोडून तोच पाहावा.

1890 मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी ही जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखली, 1910 मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. 1972 मध्ये सध्याचे नाव आले व शहरातले रशियन बिशपचे घर उद्यानात समाविष्ट झाले. 1840 च्या दशकाच्या आरंभी बांधलेले हे लाकडी घर रशियन काळाच्या उत्तर अमेरिकेतील मोजक्या शिल्लक इमारतींपैकी एक.

सिटकाला रस्त्याने जाता येत नाही. विमान, फेरीबोट किंवा उन्हाळ्यात येणारी पर्यटन जहाजे एवढेच मार्ग. गावातून उद्यान चालत सहज गाठता येते. वाट सुमारे दीड किलोमीटरची, सपाट व वळणाची. दोन्ही बाजूंना सिटका स्प्रूस व पश्चिमी हेमलॉक, बुंध्यांवर शेवाळ, खाली काटेरी ‘डेव्हिल्स क्लब’. हे झुडूप ट्लिंगिटांच्या घरगुती औषधात आजही वापरात आहे. कोकणी माणसाला पाऊस नवा नसला तरी इथला पाऊस उन्हाळ्यातही अंगावर बोचतो. त्यामुळे छत्रीपेक्षा चांगला रेनकोट घ्यावा. ओहोटीच्या वेळी गेल्यास नदीमुखाचा उथळ चिखल उघडा दिसतो आणि 1804 ची जहाजे दूर का थांबली ते प्रत्यक्ष पाहून कळते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुलाबी सॅमन मासे अंडी घालण्यासाठी नदीत चढतात. नदीवरील पुलावरून ते दाटीवाटीने दिसतात, आणि मेलेल्या माशांचा वास किनाऱ्यापर्यंत येतो. अस्वलेही याच दिवसांत येतात, तेव्हा बोलत चालावे.