इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड: फुटल्यानंतरचं गाणं

शुक्रवार, १५ ऑगस्ट १९६९. अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाची पहिली रात्र. पाऊस लागला म्हणून 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड' या ब्रिटिश फोक (लोकसंगीत) बँडनं मंचावर जायला नकार दिला. त्यांच्या जागी मेलनी ही गायिका गायली आणि रातोरात नावारूपाला आली. बँडची पाळी आली ती शनिवारी भर उन्हात, दणदणीत रॉक ऐकायला बसलेल्या गर्दीसमोर. बँडची उतरण बरेच जण इथूनच मोजतात. मला ते पटत नाही. या बँडची तोंडं पहिल्यापासूनच तीन दिशांना होती.

१९६६ साली ग्लासगोत क्लाइव्ह पामर रात्रभर चालणारा फोक क्लब चालवायचा. बँडचं नाव त्यावरूनच पडलं. सोबत रॉबिन विल्यमसन, आणि अकाउंटन्सीची उमेदवारी करणारा माइक हेरन. पहिली रेकॉर्ड काढून पामर अफगाणिस्तान-भारताच्या वाटेला लागला. विल्यमसन मोरोक्कोला गेला आणि बासऱ्या, गिंब्री अशी वाद्यं घेऊन परतला. १९६७च्या रेकॉर्डवर तर सतार-तानपुराही आहे. १९६८ची 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्यातल्या एकाच तेरा मिनिटांच्या गाण्यात बहामाजचं भक्तिगीतही आहे आणि अमीबाही! पुढे सायंटॉलॉजी हा पंथ आला, माणसं बदलली, आणि १९७४मध्ये बँड मोडला.

हेरनचा ओढा रॉककडे होता. १९७१च्या त्याच्या स्वतंत्र रेकॉर्डवर 'द हू' या रॉक बँडचे पीट टाउनशेंड आणि कीथ मूनही वाजवून गेले. विल्यमसननं अमेरिकेत 'मेरी बँड' काढला, मग हार्प हाती घेऊन केल्टिक कथा सांगू लागला. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीसाठीच्या त्याच्या रेकॉर्डांवर डिलन टॉमस, ब्लेक यांच्या कवितांना दिलेला त्याचा आवाज आहे. तो काही ठिकाणी कातर वाटतो, पण शब्द मात्र सोडत नाही.

माझं झुकतं माप पामरला. 'सीओबी' (क्लाइव्हज ओरिजिनल बँड) या त्याच्या त्रिकुटानं १९७१ आणि १९७२मध्ये दोनच रेकॉर्ड काढल्या. त्यांच्याकडे स्वतः बनवलेलं 'डल्सिटार' हे तंतुवाद्य होतं. त्याचा झणझणता आस ऐकताना आपल्या कानाला तंबोऱ्याची जवारी आठवतेच. त्यावर पामरचा रुक्ष, जराही न नटणारा आवाज. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. आज त्या मूळ प्रतींसाठी संग्राहक भरपूर पैसे मोजतात.

१९९९मध्ये तिघं पुन्हा जमले, पण २००३पर्यंत विल्यमसन बाहेर पडलाही. नोव्हेंबर २०१४मध्ये पामर गेला. त्याच वर्षी विल्यमसनची ईसीएमवर नवी रेकॉर्ड आली होती.