सगळा प्रभार मधोमध धरायचा? थांबा!

विद्युत प्रभार (चार्ज) पसरलेला असला तरी तो मध्यबिंदूवर एकवटलाय असं धरायचं आणि कूलॉम्बचं सूत्र (क्षेत्र = स्थिरांक × प्रभार ÷ अंतराचा वर्ग) लावून मोकळं व्हायचं, ही युक्ती बारावीच्या वह्यांतून फिरत असते. एकसमान प्रभारित गोलाच्या बाहेर ती चालते. दांडीला नाही.

२० सेंमी लांबीची एकसमान प्रभारित दांडी घ्या. तिच्याच रेषेत, टोकापासून १० सेंमीवर विद्युतक्षेत्र काढा. मध्यबिंदू ०.२ मीटरवर, म्हणून युक्तीने छेदात येतो ०.२ चा वर्ग, म्हणजे ०.०४. बारीक तुकडे पाडून प्रत्येकाचं क्षेत्र जोडलं (म्हणजे इंटिग्रेशन केलं) की छेदात येतं ०.१ गुणिले ०.३, म्हणजे ०.०३. खरं क्षेत्र एक तृतीयांशाने जास्त! जवळच्या टोकाचा तुकडा लांबच्यापेक्षा नऊपट जोर लावतो, त्याला मधोमध ढकलून कसं चालेल?

एकसमान प्रभारित कड्याच्या (रिंगच्या) केंद्राशी तर युक्तीचा पार बोजवारा: खरं क्षेत्र शून्य, पण अंतर शून्य धरल्याने सूत्र म्हणतं अनंत.