छत्तीस नंबरचा कोरा चौकोन

दिवाळीत गावी गेलो की माळ्यावरचं सामान खाली काढायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी पितळी गुंडांच्या मागे बुटाच्या खोक्यात टीव्ही गेमची पिवळी कॅसेट सापडली. यवतमाळच्या बाजारातून बाबांनी २००२ साली आणलेली. स्टिकरवर मारिओ, काँट्रातले दोन बंदूकवाले आणि मोठ्या अक्षरांत '९९९९९९९ इन १'.

भाचा आठवीत आहे. त्याने आकडे मोजले आणि विचारलं, "मामा, खरंच येवढे गेम असन का याच्यात?"

मग हिशेब केला. मूळ सुपर मारिओ ब्रदर्स गेम ४० केबीचा. तसे एक कमी एक कोटी गेम म्हणजे सुमारे ४०० जीबी. २००२ मध्ये एवढी साठवण आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही एका कॉम्प्युटरात नसेल. आमच्या कॅसेटमध्ये खरे गेम निघाले अकरा. बाकीच्या ओळी म्हणजे मेनूची लबाडी: तोच गेम, पण मेमरीत लेव्हलचा आकडा आधीच लिहून सुरू केलेला. 'मारिओ ७' म्हणून आम्ही ज्याला नवा गेम समजायचो, तो मारिओच होता, सातव्या जगापासून सुरू होणारा.

कॅसेटचे दोन स्क्रू काढले. आत तळहाताएवढं हिरवं सर्किट, त्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा आणि कडेला सोनेरी दात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. याच दातांवर आम्ही फूक मारायचो. चिप त्या काळ्या गोळ्याखाली, म्हणजे डोळ्यांनी बघून काही कळणार नाही. नागपूरच्या मित्राकडून कॅसेट वाचायचं यंत्र आणलं होतं. मारिओचा भाग वेगळा काढला: ४०,९६० बाइट. त्यातले ३२,७६८ प्रोग्रॅमचे, ८,१९२ चित्रांचे. निन्टेन्डो कंपनीचा १९८५ चा अख्खा मारिओ एवढ्यातच मावतो. आज मोबाइलवर आलेला 'शुभ सकाळ'चा एक फोटो याहून जड असतो.

चित्रं साठवायची रीत मोठी काटकसरीची आहे. प्रत्येक चित्र ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकोनांचं, प्रत्येक चौकोनाला १६ बाइट, असे ५१२ चौकोन. भाच्याची गणिताची चौकटींची वही घेतली. पहिले आठ बाइट म्हणजे आठ ओळी, पुढचे आठ म्हणजे त्याच आठ ओळींवर दुसऱ्यांदा मारलेला ठसा. दोन्ही ठशांत ० असेल तर ठिपका रिकामा, फक्त पहिल्यात १ असेल तर एक रंग, फक्त दुसऱ्यात असेल तर दुसरा, दोन्हींत असेल तर तिसरा. मात्र ते रंग कोणते, हे चौकोनात कुठेच लिहिलेलं नसतं. ते प्रोग्रॅम वेगळं सांगतो. त्यामुळे एकच आकार पांढरा केला की आकाशातला ढग आणि हिरवा केला की जमिनीवरचं झुडूप. वीस वर्षं खेळून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, पोराने दहा मिनिटांत पकडलं.

पार्श्वभूमीच्या चौकोनांत सुरुवातीलाच अक्षरं आहेत. ० ते ९ हे आकडे ० ते ९ नंबरच्या चौकोनांत, मग १० पासून ३५ पर्यंत इंग्रजीची सव्वीस अक्षरं. आणि ३६ वा चौकोन पूर्ण कोरा. जिथे काही लिहायचं नाही तिथे तो लावायचा. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, पण आमचं या छत्तीसाशी चांगलंच जमलं.

यादीच्या अगदी शेवटी मात्र वीस चौकोन विचित्र निघाले. ना वीट, ना नळ, ना कासव. नुसता गिचमिड ठिपक्यांचा ढीग. "मामा, हे लपवलेलं हाय!" पोरगं उड्या मारायला लागलं. मीही थोड्या मारल्या.

लपवलेलं म्हटलं की लोकांना मारिओतलं 'उणे एक' जग आठवतं. पहिल्या जगातल्या दुसऱ्या पातळीच्या शेवटी, वरच्या विटा फोडून विशिष्ट तऱ्हेने उडी मारली तर मारिओ भिंतीतून आरपार सरकतो आणि पुढच्या जगांत नेणाऱ्या तीन नळांच्या खोलीत जरा लवकरच पोचतो. कोणता नळ कुठे जातो याचा तक्ता प्रोग्रॅममध्ये आहे. पहिल्या खोलीची ओळ ४, ३, २. चौथ्या जगातल्या खोलीत एकच नळ, मधला, पाचव्या जगाचा. म्हणून तिची ओळ ३६, ५, ३६. दोन्ही बाजूंना नळ नाहीत, तर आकड्यांच्या जागी कोरं दिसावं एवढ्यासाठीच ते ३६. मारिओ भिंतीतून घुसतो तेव्हा पडदा पुरेसा सरकलेला नसतो, योग्य ओळ निवडली गेलेली नसते आणि गेम ही दुसरी ओळ वाचतो. डाव्या किंवा उजव्या नळात उतरलात की थेट ३६ व्या जगात! पडद्यावर '३६-१', म्हणजे जग ३६, पातळी १, असं यायला हवं, पण ३६ वा चौकोन कोरा. उरतं '-१'. लोकांना वाटलं उणे एक.

गेममध्ये जगं आठच. आठ घरांच्या गल्लीत ३६ व्या घराचं पत्र घेऊन पोस्टमन निघाला, मोजत मोजत गल्ली ओलांडून कोणाच्या तरी वावरात गेला आणि तिथे जो उभा दिसला त्याच्या हातात पत्र देऊन आला, तसं हे होतं. यादीबाहेरचा जो बाइट हाती लागतो त्याने पाण्याखालची एक जुनीच पातळी उघडते आणि तिच्या शेवटचा नळ पुन्हा तिच्याच सुरुवातीला आणतो. जपानमध्ये १९८६ साली डिस्कवर आलेल्या आवृत्तीत त्या जागी वेगळे बाइट होते, तर तिथे याच युक्तीने तीन वेगळ्याच पातळ्या मिळतात आणि त्या संपतातही. म्हणजे हे जग कोणी रचलेलंच नाही.

मुद्दाम लपवणं वेगळं. अटारी कंपनीच्या 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये तो बनवणाऱ्या वॉरन रॉबिनेट यांनी एक गुप्त खोली केली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं, कारण कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावं छापत नव्हती. खोलीची किल्ली म्हणजे एका ठिपक्याएवढी राखाडी वस्तू. आणि बदकं टिपायच्या 'डक हंट' गेममध्ये दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं, हे तर गुपितही नव्हतं, माहितीपुस्तकात छापलेलं होतं. आमच्या कॅसेटीबरोबर पुस्तक कुठलं यायला!

तिसरा प्रकार असतो उरल्यासुरल्याचा: अर्धवट सोडलेली पातळी, न वापरलेलं चित्र. जागेची एवढी मारामार असताना ते काढून का टाकत नाहीत? चिप ठरावीक मापांतच मिळते, ८ केबी, १६, ३२. दोनशे बाइट वाचवून चिप स्वस्त होत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात काही उपसलं तर सगळा गेम पुन्हा खेळून तपासायला हवा. मग तिथे जाणारा रस्ता तेवढा बंद करतात.

असलं शोधायची पद्धत आजीच्या पद्धतीसारखी आहे. उंदीर कुठून येतो ते बघायला ती रात्री चुलीतली राख जमिनीवर पसरायची आणि सकाळी पावलं बघायची. एफसीईयूएक्स नावाचा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम, तेच करतो. गेम खेळत राहायचं. प्रोग्रॅमचा कोणता बाइट चालला, कोणता नुसता वाचला, कोणत्या चौकोनाचं चित्र पडद्यावर आलं, याच्या खुणा तो ठेवतो. ज्यावर पाऊलच पडलं नाही, ते संशयित.

अंगणात कापसाची गाठोडी पडलेली आणि आम्ही दोन दिवस राख पसरून बसलो. बहिणीचं चालूच होतं, "कायले येवढे डोये फोडता बापा?" राजकन्या सुटली, तरी बरेच बाइट कोरे होते. काही तरी सापडलं म्हणून मी खूश. पण मारिओ एकदा जिंकला की गेम पुन्हा अवघड होऊन सुरू होतो, गुंबा नावाच्या तपकिरी शत्रूंच्या जागी टणक पाठीचे काळे भुंगे येतात. ती फेरी खेळल्यावर त्यातल्या बऱ्याच बाइटांवर पावलं उमटली.

आणि ते वीस चौकोन? खूण अशी होती, की ते चित्र म्हणून एकदाही पडद्यावर आले नव्हते, पण प्रोग्रॅमने ते वाचले होते. तेही गेम सुरू होताना, एवढंच. ते चित्र नव्हतंच. सुरुवातीच्या पाटीवर कोणता चौकोन कुठे बसवायचा याची ती यादी होती, ३१४ बाइटांची, चित्रांच्या कोठीत नेऊन ठेवलेली.

यादी ओळीने वाचायला घेतली. मूळ गेममध्ये पाटीखाली कॉपीराइटची ओळ असते: त्याची खूण, मग १९८५, एक कोरी जागा आणि कंपनीचं नाव. नाव असायला हवं २३, १८, २३, २९, १४, २३, १३, २४. आमच्या कॅसेटमध्ये भाच्याने बोट ठेवून मोजलं. चौदाच्या चौदा जागांवर छत्तीस.

"नाव खोडलं जी यायनं," तो म्हणाला.