सिबेल एडमंड्स प्रकरण

अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेच्या भाषांतर विभागातील गैरप्रकारांविषयी तिथल्याच कंत्राटी भाषांतरकार सिबेल एडमंड्स यांनी केलेल्या तक्रारी आणि त्यांतून उभा राहिलेला न्यायालयीन लढा.

गुप्तचर कामात भाषांतरकाराची जागा फार नाजूक असते. चोरून ऐकलेले संभाषण तुर्कीत असले आणि तपास अधिकाऱ्याला तुर्की येत नसली, की भाषांतरकार कागदावर उतरवेल तेवढेच त्याला कळते. ध्वनिफितीवर ‘कामाचे नाही’ असा शेरा पडला की ती फीत बाजूला जाते. भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या कोणी ती पुन्हा ऐकल्याशिवाय तो शेरा खरा, चुकीचा की लबाडीचा, हे कळायला मार्ग नसतो. या प्रकरणाचे मर्म तेच आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एफबीआयला भाषांतरकारांची निकड भासली. त्याच महिन्यात एडमंड्स वॉशिंग्टनच्या कार्यालयात रुजू झाल्या. तुर्की, फारसी आणि अझरबैजानी या त्यांच्या भाषा. पाळतीखालील एका परदेशी संस्थेशी सहकारी भाषांतरकाराचे लागेबांधे आहेत आणि महत्त्वाची संभाषणे भाषांतराविना राहत आहेत, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे केली. जादा निधी मिळावा म्हणून काम मुद्दाम रेंगाळत ठेवले जाते, हाही त्यांचा आरोप होता. मार्च २००२ मध्ये त्यांनाच कामावरून काढण्यात आले.

त्यांनी दावा लावला. तेव्हा अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी ‘सरकारी गुपितांचा विशेषाधिकार’ पुढे केला. सुनावणीने राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येईल असे सरकारने म्हटले की न्यायालय पुरावाच बाजूला ठेवू शकते, असा हा अधिकार. जुलै २००४ मध्ये न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी दावा फेटाळला. म्हणजे आरोप खोटे ठरले नाहीत; ते तपासलेच गेले नाहीत. हा फरक बातम्यांत अनेकदा पुसला जातो, म्हणून तो इथे ठळकपणे नोंदवायला हवा. त्याआधी, मे २००४ मध्ये, न्याय खात्याने आणखी एक पाऊल उचलले होते. या प्रकरणाची जी माहिती २००२ मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली आणि पॅट्रिक लेही यांच्या कार्यालयांना मोकळेपणाने दिली होती, तीच मागाहून गोपनीय ठरवली. हे पाऊल समर्थनीय नव्हते. त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले आणि २००५ मध्ये खात्याला माघार घ्यावी लागली.

न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी मात्र चौकशी केली होती. तिचा खुला सारांश जानेवारी २००५ मध्ये आला. सहकाऱ्याविषयीच्या मुख्य आरोपांना एडमंड्स यांच्या शब्दापलीकडचा आधार आहे, एफबीआयने त्या आरोपांची नीट चौकशी केली नाही आणि तक्रारी हे त्यांना काढण्यामागचे एक कारण होते, असे त्यात म्हटले आहे. हेरगिरी झाल्याचा निष्कर्ष त्यात नाही. एडमंड्स यांचे इतर काही आरोपही सिद्ध झाले नाहीत.

एप्रिल २००५ मध्ये अपील न्यायालयातील सुनावणी पत्रकार आणि जनतेला वगळून झाली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दरम्यान एडमंड्स यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या क्षेत्रातील जागल्यांची, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांची, संघटना उभी केली होती.