डिस्टोपियन व्हिडिओ गेम आणि फॅनफिल्म

दडपशाही, विषारी हवा, फसलेले विज्ञान किंवा परग्रहावरून आलेली राजवट यांखाली पिचलेल्या उद्याच्या जगात घडणारे गेम, आणि त्या जगावर जीव जडलेल्या खेळाडूंनी पदरमोड करून काढलेले लघुपट. दुसरे पहिल्यावाचून उभेच राहत नाही, म्हणून दोहोंचा विचार इथे एकत्र केला आहे. उदाहरणे जगभरची आहेत, पाहणारा मात्र इंदूरचा मराठी प्रेक्षक आहे.

नमुना म्हणून व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ (२००४) घ्यावा. आगगाडी ‘सिटी १७’च्या स्टेशनात शिरते, पडद्यावरचा प्रशासक गोड आवाजात स्वागत करतो. पुढे वाट अडवून उभा असलेला मुखवटाधारी पोलीस दंडुक्याने पत्र्याचा एक डबा खाली पाडतो आणि घोगऱ्या आवाजात हुकूम सोडतो : उचल आणि कचरापेटीत टाक. टाकला तर तो हसतो नि जाऊ देतो. त्याच्याच अंगावर भिरकावला तर दंडुका घेऊन मागे लागतो. अजून एकही गोळी झाडायची वेळ आलेली नसते, पण राजवट काय चीज आहे ते हाताला कळलेले असते. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या, सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकत जाग्या होणाऱ्या इंदूरकराला इथे आधी हसू येते. तो डबा न सांगताही उचलेल. डबा मुद्दाम पाडला होता, हे ध्यानात आले की हसू ओसरते.

या गेमचे कलादिग्दर्शक व्हिक्टर अँतोनोव्ह हे बल्गेरियातील सोफियाचे. जुन्या पूर्व युरोपातल्या इमारतींवर त्यांनी परक्या धातूच्या भिंती आणि ढगांत घुसलेला एक मनोरा चढवला. इंदूरच्या राजवाड्याच्या सात मजल्यांमागे तसला मनोरा उभा आहे असे मनाशी धरले, म्हणजे त्या दृश्याचा घाव कुठे बसतो ते समजेल. परग्रहवाल्यांपुढे पृथ्वी सात तासांत हरली, हेही कुणी व्याख्यान देऊन सांगत नाही. एका प्रयोगशाळेत फळ्यावर वर्तमानपत्रांची कात्रणे टाचलेली आहेत. ज्याला थांबून वाचायचे त्याने वाचावीत. नायक गॉर्डन फ्रीमन तर अवाक्षर बोलत नाही.

‘बायोशॉक’ (२००७) समुद्राखालच्या बुडत्या शहरात घडतो. त्याच वर्षी कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डने ‘स्टॉकर’ काढला, तो चेर्नोबिलच्या परिसरात, म्हणजे आपल्याच अंगणातल्या अपघातावर. याहून वेगळा ल्यूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). त्यात खेळाडू सीमेवरचा पासपोर्ट तपासनीस. जितकी माणसे तपासाल तितका पगार, आणि त्या पगारात घरचे अन्न, औषध, शेगडी. नवऱ्याची कागदपत्रे चोख असतात. मागून बायको येते, तिच्याकडे प्रवेशपरवाना नसतो. शिक्का कुठला मारायचा ते ठरवा. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातले हे सर्वांत कठोर दृश्य, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

फॅनफिल्मची सुरुवात गेमच्या आतच झाली. १९९६ मध्ये ‘क्वेक’ खेळणाऱ्या एका गटाने खेळातल्याच पात्रांना घेऊन जेमतेम दोन मिनिटांची ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ केली. या पद्धतीला पुढे मशिनिमा म्हणू लागले. खरे नट घेऊन केलेल्यांत टोरंटोच्या पर्चेस बंधूंची ‘एस्केप फ्रॉम सिटी १७’ (२००९) गाजली, सुमारे ५०० डॉलरांत उरकलेली. दिसते झकास. पण तिचा सगळा भर पळापळीवर आणि गोळीबारावर आहे, त्या डब्याला तिच्यात जागा नाही. डॅन ट्रॅक्टेनबर्ग यांची ‘पोर्टल’ या गेमवरची ‘पोर्टल : नो एस्केप’ (२०११) संवादांवाचून बरेच काही साधते, ते पुढे हॉलिवूडचे दिग्दर्शक झाले. ‘पेपर्स, प्लीज’वरची रशियन लघुफिल्म (२०१८) मात्र या साऱ्यांच्या वरचढ. खेळाडूच्या हातातला शिक्का काढून घेतल्यावर जे उणे पडायला हवे, ते शिक्का उचलून अडखळणाऱ्या तपासनिसाच्या चेहऱ्याने भरून निघते. नायकाची नक्कल करणाऱ्या फॅनफिल्मा फसतात आणि रांगेतल्या माणसाकडे वळणाऱ्या टिकतात, असे या सगळ्या पसाऱ्यावरून दिसते.

इंदूरच्या मराठी मंडळींना हा व्यवहार परका वाटू नये. नाट्यभारतीसारख्या संस्थांनी इथे हौशी नाटक रुजवले : दुसऱ्याने लिहिलेले जग, उसना पोशाख, ऑफिस सुटल्यावर तालमी आणि समोर आपलीच माणसे. फॅनफिल्म याच कुळातली. स्थळांसाठीही लांब जायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या आवारात झाडांचे रान माजले. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून, बंदोबस्तात, इंदूरच्या शेजारी पिथमपूरला आणला गेला; लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या काही महिन्यांत तो तिथेच जाळण्यात आला. गॅसकांडाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. कीव्हवाल्यांनी चेर्नोबिल वापरले, तसे मालव्यातल्या पोरांनी हे वापरायला कुणाची हरकत आहे? अमेरिकी ढंगाचे हेल्मेट घालून धावण्यापेक्षा पिथमपूरच्या फाटकावरचा पहारेकरी दाखवणे स्वस्तही पडेल आणि अंगावरही येईल.

अडचण हक्कांची. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात फॅनफिल्मसाठी वेगळी तरतूद नाही. कलम ५२ मधली मोकळीक खासगी अभ्यास, समीक्षा अशा कारणांपुरती आहे. व्हॉल्व्हसारख्या कंपन्या नफा न कमावणाऱ्या चित्रफिती चालू देतात. वर्गणी जमू लागली की सूर बदलतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या मालकांनी एका फॅनफिल्मवर खटला भरल्यावर २०१६ मध्ये नियमच काढले : एक भाग पंधरा मिनिटांचा, सगळी मिळून कथा तीस मिनिटांची, वर्गणी ५०,००० डॉलरांच्या आत, नटांना आणि तंत्रज्ञांना मोबदला नाही. नाटक बसवण्याआधी लेखकाची परवानगी काढून मानधन पाठवणाऱ्या हौशी मंडळींना यातली शेवटची अट सोडली तर बाकीच्या जाचक वाटतील. शेवटची ते आधीपासूनच पाळत आले आहेत.